पाहुण्याच्या हाती ठोकळा

आमच्या शेडमध्ये वळलेला दोर किती घट्ट असायचा, ते सांगायला एक गोष्ट पुरे. एकदा एका जहाजाला आमचा दोर बांधला होता. वादळ आलं, लाटा छपरावरून गेल्या. सकाळी लोक बघतात तर जहाज होतं तिथंच, आणि बंदर हातभर पुढे ओढलं गेलेलं. ज्याला खरं वाटत नसेल त्याने धक्क्याच्या फरश्या जाऊन बघाव्यात, अजून तिरक्या आहेत.

हा दोर माझी वहिनी वळायची. ती आणि तिचा धाकटा भाऊ. त्या भावाला सगळे बाळ म्हणायचे. आज त्याच्या डोक्यावर केस मोजके आणि तोंडात दात त्याहून मोजके, तरी तो बाळच. मी त्याच शेडमध्ये ताग विंचरायला बसायचो, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांदेखतचं आहे. जिथे डोळे पुरले नाहीत तिथे थोडी पदरची भर आहे, पण दु:खाच्या जागी मी भर घातलेली नाही. तिथे गरजच पडली नाही.

शेड लांबलचक. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाहून बोटाएवढा दिसायचा, आणि तागाची धूळ उठली की तेवढाही नाही. एका टोकाला चाक, चाकाला आकडे, आकड्यांना ताणलेले तीन पेड. पेडांच्या मधे नारळाएवढा लाकडी ठोकळा, त्याला तीन खाचा. तो ठोकळा दोन्ही हातांत धरून वहिनी चाकाच्या दिशेने चालत यायची आणि तिच्या पाठीमागे तीन पेडांचा एक दोर होत जायचा. चाक फिरवायला बाळ. पण चाक कधी फिरवायचं, कधी थांबवायचं, हे त्याला धुळीतून दिसणार कसं? म्हणून गाणं. ठोकळा धरणारी ती ‘पुढची’, चाक धरणारा तो ‘मागचा’. ओळ सुरू करायची ती पुढचीच, आणि मधोमध सूरही तीच धरून ठेवायची. तेवढा वेळ चाक थांबलेलं. पेडांत पीळ नीट बसला असं तळहाताला कळलं की ती सूर सोडायची, मागचा त्याच क्षणी तिच्या आवाजात आवाज मिसळायचा आणि चाक फिरायचं.

हे धरणं किती वेळ? कधी चिमणी भुर्रकन उडून जावी एवढं, कधी चहा उकळून उतू जावा एवढं. ताग ओला की कोरडा, हवा कशी, हात कसा, त्यावर सगळं. मागच्याने घाई केली की दोराला अढी पडलीच. आणि एक नियम होता. पुढची चुकली तरी मागच्याने तिला चूक म्हणायचं नाही, तिच्याबरोबर चुकायचं. हा नियम शिष्टाचारासाठी नव्हता, बोटं शाबूत राहण्यासाठी होता.

बाळसारखा मागचा पुन्हा झाला नाही. एकदा वहिनीने सूर धरला आणि तिला आठवलं, घरी चुलीवर दूध ठेवलंय. तशीच सूर धरून ती घरी गेली, दूध उतरवलं, शेजारणीशी दोन गोष्टी केल्या (सूर धरूनच, कसं ते विचारू नका), परत आली, ठोकळा हातात घेतला आणि ओळ पुरी केली. बाळने त्या क्षणी चाक फिरवलं. त्याचा हात दांड्यावरून हललेला नव्हता.

त्या दिवसांत आमच्या सरकारला वाटलं की देशाला स्वतःचं संगीत असावं. होतं तसं, पण सरकारला सापडत नव्हतं. म्हणून परदेशातून एक मोठा संगीतकार बोलावला. उंच, किडकिडीत, स्टुलावर बसला की गुडघे कानांना लागायचे. माणूस मात्र लाखातला एक, कुणी हाक मारली तरी आधी टोपी काढणार. संगीत विद्यालयात त्याला त्याच्याच देशाच्या चाली वाजवून दाखवल्या. त्याने बिचाऱ्याने ओठ चावत त्या ऐकल्या आणि पाय मोकळे करायला बाहेर पडला, तो थेट आमच्या शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. वहिनीने तेव्हाच सूर धरला होता. तो सुटेपर्यंत गड्याने श्वास घेतला नाही. बरोबरच्या दुभाषी बाईला वाटलं, पाहुणा इथेच आटोपतो.

मग तो रोज येऊ लागला. तागाच्या गठ्ठ्यावर बसून कागदावर सूर उतरवायचा. सूर उतरले, शब्द उतरले, ते धरणं काही उतरेना. आज लिहिलं ते उद्या खोटं. खोडून खोडून कागदाची जाळी झाली. शेवटी त्याने दुभाषी बाईकरवी विचारलं की तुम्ही नेमकं किती वेळ थांबता. वहिनी म्हणाली, पीळ बसेपर्यंत. पीळ कधी बसतो? बसला की. दुभाषी बाईने याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण पाहुणा गठ्ठ्यावरून उठून मुकाट्याने जमिनीवर बसला.

तो निघायचा दिवस आला. आमच्या शेडची रीत अशी की जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती मानाने ठोकळा द्यायचा, त्याला घटकाभर ‘पुढचा’ करायचं. आजवरचे पाहुणे म्हणजे जहाजाचे कप्तान नाही तर बंदराचे साहेब. ते चार पावलं चालायचे, हसायचे आणि हात झटकत ठोकळा परत द्यायचे. याने बूट काढले. ठोकळा असा धरला जसा नवा बाप पोर धरतो. आणि गायला लागला. सूर अगदी पक्का होता. पण ओळीच्या मध्यावर आला आणि अडला. हाताला पीळ कळत नव्हता, कळणार तरी कसा. मग त्याने टाचेने ठोके घेतले, टक, टक, टक, टक, आणि चौथ्या ठोक्याला सूर सोडला.

चाकावर बाळ होता. पुढचा चुकतोय तर आपण त्याच्याबरोबर चुकायचं, एवढंच त्याला ठाऊक. चौथ्या ठोक्याला त्याने बरोबर आवाज मिसळला. दुसरी ओळ, तीच गत. तिसरी, तीच. पाहुण्याचे डोळे भरून आले. इतके दिवस बंद असलेलं दार उघडलं असं त्याला वाटलं असणार. गाणं संपल्यावर त्याने वहिनीला विचारलं, बरोबर झालं का. पाहुण्याला कोण नाही म्हणतं? वहिनी म्हणाली, छान झालं.

दोर कसला, उवा झालेल्या पोरीची वेणी होती ती. पाहुण्याची गाडी वळणाआड गेल्यावर आम्ही तो तोडून पायपुसणी केली आणि पोट धरून हसलो. बाळ सगळ्यात जास्त हसला.

पुढे पाहुण्याने आपल्या देशात त्या गाण्यावर मोठी रचना केली, शंभर वाद्यांची. ती तिकडे गाजली, आणि तिकडे गाजली म्हणून इकडे गाजली. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तेच. आपलं गाणं परदेशात वाजतं, म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाला दोन खडे साखर जास्त घालायला लागले. विद्यालयाने ते अभ्यासाला लावलं आणि शिकवायला बाळला बोलावलं. पाहुण्याने मुद्दाम सांगून ठेवलं होतं म्हणे, की त्या चाकावरच्या माणसाला विचारा, त्याला माझा ठोका नेमका कळला होता.

बाळने जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. नायलॉनचा दोर आला होता, शेड महिन्यातून चार दिवस चालायची, आणि त्याला तीन पोरी होत्या. पहिल्या दिवशी त्याने वर्गाला खरी रीत शिकवायचा प्रयत्न केला. सगळ्यांनी सूर धरला आणि ज्याला जेव्हा वाटलं तेव्हा त्याने सोडला. खुराड्याचं दार उघडल्यावर कोंबड्या निघतात तसं झालं. प्राचार्य म्हणाले, मास्तर, चार मोजायला सांगा की सरळ. बाळने सांगितलं. वर्ग एका आवाजात गायला, आणि बाळचं मास्तरपण पक्कं झालं.

मग ते चार ठोके देशभर पसरले. पोलिसांचा बँड चार ठोके थांबायला लागला. पाळणे म्हणणाऱ्या आया थांबायला लागल्या आणि पोरं चौथ्या ठोक्याला झोपायला लागली. न्यायाधीश निकाल सांगताना मधे चार ठोके घ्यायचे आणि आरोपी तेवढ्यात घामाघूम. आमच्या गल्लीतला कोंबडा अर्धी बांग देऊन चार ठोके थांबायचा, मग उरलेली द्यायचा. कुणाला काही खुपत नव्हतं. लोकांना गाणं पूर्वीपेक्षा जास्त आवडत होतं, हीच तर पंचाईत. वाईट झालं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं.

शेड बंद झाली. वहिनी घरी भांडी घासताना गायची, जुन्या रीतीने, कधी लांब, कधी आखूड. वरच्या मजल्यावरची पोर विद्यालयात शिकायची. ती जिन्यात थांबून प्रेमाने म्हणायची, आजी, तुमचा ठेका चुकतो, मी शिकवू का? वहिनी हसायची, म्हणायची, शिकव बाई, आता तुमचे दिवस. असं बरीच वर्षं हसली. मग एके दिवशी ती पोर बोलली आणि वहिनी हसली नाही. नळ बंद करून नुसती उभी राहिली.

त्याच सुमारास तिला दम लागायला लागला. डॉक्टरने छाती तपासून विचारलं, कुठे काम करत होतात. तागाची धूळ आयुष्यभर आत जाऊन बसली होती. सूर धरण्याएवढा श्वास आता फार दिवस पुरायचा नाही, एवढं ती स्वतःच समजली. घरी आल्यावर मी चहा टाकला. माझा दादा गेल्यापासून ती आणि मी, असं दोन म्हाताऱ्यांचं घर आमचं. चहा निवला तरी तिने कप उचलला नाही.

“भावजी, मला काही नको,” ती म्हणाली. “एकदा बाळने माझ्यामागे म्हणावं. तो थांबला की मला कळेल, ते होतं. नाही तर मला आता वाटायला लागलंय, मीच जन्मभर चुकत होते.”

मी म्हटलं, वहिनी, तुझ्या दोराने बंदर ओढलं. ती म्हणाली, ते तुम्ही सांगता. तुमच्याशिवाय कोण सांगतं?

 वळलेला दोर झिजून गेला, शेडच्या जागी गोदाम झालं. पुरावा म्हणून उरला होता तो एकटा बाळ.

तेवढ्यात पाहुणा परत येणार अशी बातमी आली. तोही म्हातारा झाला होता. मोठ्या सभागृहात त्याची रचना व्हायची होती, तो स्वतः वादकांपुढे ताल द्यायची काठी धरणार होता, आणि त्याआधी वहिनीने मूळ गाणं म्हणावं अशी त्याची इच्छा. विद्यालयाची माणसं घरी आली, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून निम्मी उभीच राहिली. वहिनी हो म्हणाली. एकच अट घातली, मागे बाळ असेल, दुसरं कुणी नको. काठी नको, पेटी नको.

बाळ तालमीला दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आला. कोट, चकचकीत बूट, खिशाला पेन. पण ताईसमोर बसल्यावर त्याने लहानपणीसारखे हात मांडीखाली घातले. वहिनीने ओळ सुरू केली, सूर धरला. चौथ्या ठोक्याला बाळचा आवाज आला. वहिनी अजून धरूनच होती. दोघं थांबले. पुन्हा. पुन्हा तेच.

“तू थांबत नाहीस, बाळ. मोजतोस.”

“शपथ सांगतो ताई, मोजत नाही.”

आणि तो खरंच मोजत नव्हता. मी टेबलाखाली पाहिलं, बुटाच्या आत त्याच्या पायाचा अंगठा मोजत होता. बूट काढायला लावला, मी खाली बसून अंगठा दाबून धरला, तर मान हलायला लागली. वहिनीने मान धरली, तर पापणी. पापणीवर मी बोट ठेवलं, तेव्हा त्याच्या पोटातून चार वेळा गुडगुडलं. तिघंही हसलो. हसता हसता बाळचा चेहरा कसातरी झाला. त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, आत कुठेतरी सारखं चालू असतं गं ते, झोपेतसुद्धा, बंद कसं करायचं ते सांग. वहिनीला सांगता आलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती म्हणाली, त्या दिवशी जमेल, माझ्याकडे बघू नकोस, नुसतं ऐक.

सभागृह भरलं होतं. पाहुणा पहिल्या रांगेत, गुडघे अजून तसेच. वहिनी आणि बाळ मंचावर दोन टोकांना उभे राहिले, शेडमध्ये असायचे तसे. मी पडद्याआड, वहिनीची पाण्याची बाटली धरून.

तिने ओळ सुरू केली. आवाज बारीक झाला होता, पण सूर असा की रांगांमधली खोकणारी माणसं गप्प झाली. मध्यावर येऊन तिने सूर धरला. आणि मी ऐकलं, सभागृहातले पाय हलायला लागले. कुणी मुद्दाम नव्हे. बूट, चपला, म्हाताऱ्यांच्या काठ्या, सगळं हळूच, प्रेमाने, एक, दोन, तीन, चार. बाळ चौथ्याला आला. वहिनी धरूनच होती. त्याचा आवाज तिच्या सुरावर जाऊन आदळला आणि विझला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी विसरली, अशी कुजबुज माझ्यापर्यंत आली.

दुसऱ्या ओळीला बाळने डोळे मिटून घेतले. ओठ दातांत धरले. चौथा ठोका आला आणि गेला, तो थांबला. माझ्या हातातली बाटली घसरली. आणखी थोडं, आणखी. वहिनीने सूर सोडला, आणि बाळ आलाच नाही. तो अजून स्वतःला आवरण्यातच गुंतला होता, तिचा सूर सुटला हे त्याला ऐकूच आलं नाही. ओळीचा शेवट तिला एकटीला म्हणावा लागला. मागच्या रांगेत पोरं हसली. त्याचेच विद्यार्थी असणार. बाळचा चेहरा मी पाहिला. चाकात हात गेलेल्या माणसाचा मी एकदा पाहिला होता, तसा.

वहिनीनेही तो पाहिला. इतक्या लांबून तिला दिसला असेल का म्हणता? दिसला.

तिसरी ओळ तिने सुरू केली. मध्यावर आली. सूर धरला. चार ठोके, आणि चौथ्याला तिने तो सोडला. बाळचा आवाज तिच्या आवाजात असा मिसळला की मधे केस जाणार नाही. चौथी ओळ, तसंच. पाचवी, तसंच. सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्यांत वहिनी हात असे पुढे धरून उभी होती की जणू त्यांत काही होतं आणि ते आत्ताच कुणीतरी काढून नेलं.

पुढची होती ती. जन्मभर तिने कुणाची वाट बघितली नव्हती, सगळ्यांनी तिची बघितली होती. त्या दिवशी ती मागची झाली, आणि हे सभागृहात मला सोडून कुणाला कळलं नाही.

नाही, आणखी एकाला अर्धवट कळलं. पाहुणा पडद्याआड आला. दुभाषी बाईही म्हातारी झाली होती, तिचा हात धरून. टोपी काढून तो वहिनीसमोर वाकला आणि काहीतरी हळू आवाजात विचारलं. पहिल्या दोन ओळींत तुम्ही वेगळं काही केलंत, दुभाषी बाई म्हणाली, ते विचारतायत, ते काय होतं? त्याचे डोळे तेव्हाचे झाले होते, शेडच्या दारातले. कागदाची जाळी झाली होती ती त्याला आठवली असणार. मी वहिनीकडे बघितलं. मनात म्हटलं, सांग, आत्ता सांग.

बाळ बाजूलाच होता, गळ्यात हार, कपाळावर घाम.

“चूक झाली,” वहिनी म्हणाली.

दुभाषी बाईने ते सांगितलं. एवढ्याच वाक्याचं तिने कदाचित आयुष्यात तंतोतंत भाषांतर केलं.  पाहुण्याने वहिनीचा हात थोपटला आणि म्हणाला, या वयात माझ्याही होतात. टोपी घातली आणि काठी घ्यायला निघून गेला. मंचावर वाद्यं सुरात लावायला सुरुवात झाली होती.

आम्ही त्याची रचना ऐकायला थांबलो नाही. वहिनीला दम लागत होता. टॅक्सीत मी पुढे बसलो, ती दोघं मागे. रस्ते रिकामे होते, सगळे सभागृहात नाही तर रेडिओपाशी. बाळ बराच वेळ हारातली फुलं खुडत होता. मग म्हणाला, पहिल्यांदा मी फार गडबडलो, दुसऱ्यांदा तर बहिराच झालो.

“पण तिसऱ्या ओळीपासून तू मला सापडलीस, ताई. मी मोजलं नाही. खरंच थांबलो होतो. अगदी शेडमधल्यासारखं झालं, नाही?”

मी आरशात वहिनीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बंद दुकानं मागे जात होती.

“हो रे,” ती म्हणाली. “अगदी तसंच.”

बाळने डोळे पुसले. मग त्याला बोलायचं थांबवेना. ते हाडांत असतं म्हणाला, जात नाही कुठे, मला उगाच भीती वाटत होती. आता वर्गालाही आज जसं झालं तसंच शिकवीन, मोजून नाही, असं वाट बघून.

“शिकव,” वहिनी म्हणाली.